डिलाइटचा लाल रंग उतरवताना

डिकीतली चिकटवलेली मॅट उपटली आणि खाली मूळ राखाडी रंग सापडला. आरसी बुकातही तोच लिहिलाय. म्हणजे आपल्या 1968 च्या फियाट 1100 डिलाइटचा मेटॅलिक लाल ही मधल्या एका मालकाची हौस. राखाडीवर परत गेलो की आरटीओत रंगबदलाची नोंद करायची कटकटही नाही.

रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर फिरवला. छतावर 260 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जुन्या रंगावर सरळ लाल मारलेला. डाव्या मडगार्डवर मात्र 900 च्या पुढे, तिथे खाली पुट्टीच पुट्टी. चकाचक रंगवलेल्या गाडीला जाणकार गिऱ्हाईक कमी भाव देतं ते यामुळेच: गंज कापून पत्रा बदलला की नुसता लिंपला, हे वरून कळत नाही. म्हणून पत्र्याच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवतोय. डिकीचा तळ आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) न रंगवता तशीच सोडणार. पेंटर वैतागलाय, "पूर्ण मारू द्या ना भाऊ!"

पण रंग बदलला की किंमत पडलीच, असंही नाही राजेहो. 2024 मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सर्वोत्तम ठरलेली 1934 ची बुगाटी टाइप 59 बघा. बेल्जियमच्या राजा लिओपोल्ड तिसऱ्याने ती काळी करून घेतली होती, आणि तोच तडकलेला काळा रंग आज जपलाय. 2018 मध्ये 4 कोटी 84 लाख डॉलरला गेलेल्या फेरारी 250 जीटीओची बॉडी तर 1964 मध्येच बदललेली; पण ती फेरारीच्या बॉड्या बनवणाऱ्या स्कालिएत्तीकडे, गाडी शर्यतीत पळत असताना. बदल कोणी, कधी केला आणि त्याचा पुरावा आहे का, यावर सगळं ठरतं. आपला लाल रंग त्यात कुठेच बसत नाही.

मॅग व्हील आणि बकेट सीट काढून ठेवल्या, नटबोल्टचा मामला. फ्लोअर गिअरसाठी दोन सीटांमधल्या उंचवट्याला (बोगद्याला) पाडलेलं भोक पत्रा वेल्ड करून बुजवलं, स्टिअरिंगवरचा गिअर प्रीमियर पद्मिनीच्या भंगारातून जमवला. सुदैवाने 1089 सीसीचं मूळ इंजिन शाबूत आहे, नंबरही जुळतो. त्या काळी अनेकांनी केलं तसं कोणी डिझेल बसवलं असतं, तर 2021 च्या व्हिंटेज नियमांतून जुन्या गाड्यांसाठीचा खास 'व्हीए' नंबर मिळणं अवघड होतं. पन्नाशी ओलांडणं पुरत नाही. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा लागतो.

रंग दिवाळीनंतरच. नागपूरच्या उन्हात थिनर पत्र्यावर पोचायच्या आधीच उडतो, पावसाळ्यात दमटपणाने रंगाला पांढरट झाक येते.

अडलंय ते डॅशबोर्डवर. म्युझिक सिस्टिमसाठी तो करवतीने कापलाय. कोणाकडे न कापलेला पडून असेल तर कळवा. रंग कोणताही चालेल.