शाळेच्या शौचालयाचा हिशोब

माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून आधी मोरीकडे धावायची. सहावीत होती तेव्हा. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत यायची. एकदा मी रागावले तेव्हा म्हणाली, "आई, पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि तिथं जाता येत नाही." वर्गातल्या सगळ्या मुलींचं हेच चाललं होतं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघितलं. मुलींच्या बाजूला शौचालयाची दोन भांडी, छतावर काळी टाकी, आणि टाकीत पाणी नाही. खालून आलेला पाइप भिंतीपाशी येऊन थांबला होता, टाकीपर्यंत पोचलाच नव्हता. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पंच्याहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्यामुळे माझं नाव आलं होतं. तोवर मी बैठकीला जायचे, ठरावाखाली सही करायचे आणि घरी यायचे. याची मला आजही खंत वाटते.

हेडसरांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, शाळेला मिळणाऱ्या अनुदानात खडू, वीजबिल आणि किरकोळ डागडुजी भागते. शौचालयाचं काम ग्रामपंचायतीनं केलंय मागच्या वर्षी."

"केलंय?" मी म्हटलं.

सर गप्प बसले.

त्या रात्री भाच्यानं मोबाइलवर ई-ग्रामस्वराज ही ग्रामपंचायतींच्या कामांची सरकारी वेबसाइट उघडून दिली. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडलं की आराखड्यातली कामं आणि त्यांवर झालेला खर्च दिसतो. लॉगिन लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथं आमच्या शाळेचं नाव होतं: मुलींचे शौचालय दुरुस्ती व पाणीपुरवठा, काम पूर्ण, रक्कम अदा. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेला पैसा. या निधीतला साठ टक्के हिस्सा बंधित होता, म्हणजे स्वच्छता आणि पिण्याचं पाणी यांवरच तो खर्चावा लागायचा. इतकी वर्षं मी ऐकत आले होते की गावाकडे पैसाच नाही. पैसा होता, आणि तो खर्चीही पडला होता.

जूनमध्ये ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा पहिला अर्ज दिला. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. अर्ज मी मनापासून लिहिला होता: शौचालयाचं काम नीट का झालं नाही, मुलींना पाणी कधी मिळणार, जबाबदार कोण. उत्तर वेळेत आलं, एका ओळीचं. 'सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.'

खूप चिडले, पण नंतर कायदा वाचला तेव्हा कळलं की चूक माझ्या मांडणीत होती. कार्यालयात जो कागद आहे तोच या कायद्यानं मागता येतो. 'का' चं उत्तर तयार करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशेच्या आत शब्द. म्हणून दुसऱ्या अर्जात एकही प्रश्न ठेवला नाही. त्या कामाचं अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला आणि कामाच्या आधीचे-नंतरचे फोटो, यांच्या साक्षांकित प्रती मागितल्या. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांना मी कळकळीनं सांगेन, मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, विसरू नका. देयकावर फक्त रक्कम असते. कुठं किती लांबी-रुंदीचं काम झालं, हे एमबीतच सापडतं.

अर्ज देताना भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, म्हणाले, "ठेवून जा, बघतो." मी आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच मिळेपर्यंत बसून राहिले. पुढं तीच पोच उपयोगी पडली, कारण तीस दिवस उलटले तरी कागद आला नाही.

त्या महिन्यात घरी माणसं येऊन गेली. सासरे शांतपणे म्हणाले, "आपल्याला याच गावात राहायचंय." एक नात्यातल्या वहिनी म्हणाल्या, "आधी आमच्याकडं येऊन बोलायचं होतंस, कागद कशाला केलास?" त्यांचं बोलणं मला लागलं. त्या वाईट नाहीत, माझ्या बाळंतपणात रात्र-रात्र उशाशी बसल्या होत्या. पण मी त्यांना सांगितलं, "वहिनी, बोलून जे मिळतं ते देणाऱ्याच्या मर्जीनं मिळतं. माझी पोरगी दिवसभर तहानलेली राहते, तिला मर्जीवर कशी सोडू?"

मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं असतं. त्याचा नमुना, जोडपत्र 'ब', भरला, वीस रुपयांचं तिकीट लावलं आणि पंचायत समितीत दिलं. सुनावणीला वकील लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम होतं. अपिलीय अधिकाऱ्यांनी पोचेवरची तारीख बघितली आणि पंधरा दिवसांत सगळ्या प्रती विनामूल्य द्या असा आदेश दिला. मुदतीत माहिती दिली नाही तर ती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६) मध्येच आहे. नाहीतर पानाला दोन रुपये पडतात.

ऑक्टोबरच्या मध्याला तेवीस पानं हातात आली. अंदाजपत्रक चार वेळा वाचलं तेव्हा कुठं समजायला लागलं. मग एका रविवारी समितीतल्या दुसऱ्या एका आईला घेऊन शाळेत गेले. गवंड्याकडून टेप मागून आणला होता. तिनं कोपऱ्यात टेपचं टोक धरलं, मी आकडा वाचला आणि वहीत लिहिला. खोली १.२० मीटर बाय ०.९० मीटर, अशा दोन. दाराची जागा सोडली तर दोन्ही मिळून भिंतीची लांबी ६.९० मीटर. पुस्तिकेतही तीच होती. मग उंची घेतली. पुस्तिकेत टाइल्स १.५० मीटरपर्यंत, म्हणजे १०.३५ चौरस मीटर. भिंतीवर टाइल्स होत्या ६० सेंटिमीटरपर्यंत, गुडघ्याच्या थोड्या वर. ४.१४ चौरस मीटर. त्याच्या वरती नुसता चुना. आम्ही तीनदा मोजलं, कारण माझा विश्वासच बसेना. पाइपची जोडणी आणि दोन नळ हेही कागदावर पूर्ण होते. ती आई भिंतीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "इतकं सरळ दिसतंय, आणि आपण कधी बघितलंच नाही."

पुढची ग्रामसभा २६ जानेवारीची. विषय मी आठवडाभर आधी लेखी दिला आणि त्याचीही पोच घेतली. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती कागदोपत्रीच व्हायची. यावेळी आम्ही एकोणतीस जणी गेलो आणि ठरावाचा मसुदा तिथंच मंजूर करून घेतला. ग्रामसभा मात्र गणपूर्तीअभावी तहकूब झाली. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातली जी संख्या कमी तेवढी माणसं लागतात. तहकूब सभेला ही अट नसते, म्हणून तिथं दहा माणसांतही गावाचे ठराव होऊन जातात. त्या दिवशी कंटाळून घरी बसायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

तहकूब सभेत मी भाषण केलं नाही. पुस्तिकेतला आकडा आणि भिंतीवरचा आकडा एवढंच वाचलं, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी आत्ता टेप घेऊन चला म्हटलं. कुणी उठलं नाही. शाखा अभियंत्यांकडून फेरमोजणी, उरलेलं काम मक्तेदाराकडून पूर्ण करून घेणं, आणि आधीच्या मोजणीची चौकशी असे तीन भाग ठरावात होते. लिहून झाल्यावर प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, काय उतरलं ते मोठ्यानं वाचायला लावलं. चौकशीचं वाक्य त्यात नव्हतं. ते लिहून घेतल्यावरच सह्या झाल्या.

फेब्रुवारीत फेरमोजणी झाली, आमचेच आकडे आले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टाइल्स दीड मीटरपर्यंत चढल्या आणि पाइप टाकीला जोडला गेला. नळ सोडला त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलींनी नुसती हात धुवायलाच रांग लावली, हेडसर घंटा देऊन दमले. आता समितीच्या बैठकीत कुठल्याही कामाच्या ठरावाआधी दोन पालक जागेवर जाऊन मोजून येतात.

पहिली मोजणी कुणी, कधी आणि कशाच्या आधारे लिहिली, याची चौकशी अजून पंचायत समितीत आहे. तिचा अहवाल मिळावा म्हणून मी पुन्हा अर्ज दिला आहे. पोच कपाटात ठेवली आहे. तीस दिवस या महिन्याच्या एकवीस तारखेला पूर्ण होतात.