सिसिलीतले अल्बानियन गाव

दुसऱ्या भाषेच्या मुलखात लोकांनी आपली भाषा कशी टिकवली, याविषयी आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना साहजिकच उत्सुकता असते. दक्षिण इटलीत, सिसिली बेटावर पालेर्मोपासून सुमारे २५ किलोमीटरवर, डोंगरात वसलेल्या पियाना देल्यी आल्बानेझी या पाच-सहा हजार वस्तीच्या गावाकडे मी त्याच उत्सुकतेने वळलो. तिथे इटालियनच्या जोडीला आर्बरेश ही अल्बानियन बोली आजही बोलली जाते.

तुर्कांना वर्षानुवर्षे थोपवून धरणारा अल्बानियन सेनानी स्कंदरबेग १४६८ मध्ये वारला, १४७८ मध्ये अल्बानियातला क्रुयाचा किल्ला पडला आणि अनेक अल्बानियन कुटुंबे समुद्र ओलांडून इटलीत आली. त्यांतल्या काहींना मोनरेआलेच्या आर्चबिशपकडून १४८८ मध्ये लेखी कराराने या जागी वसण्याची परवानगी मिळाली. पोर्तुगीज अमदानीत गोवा सोडून घाटावर आलेली घराणी आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात आहेत आणि त्यांचे कुलदैवत अजून गोव्यातच आहे. पियानाच्या लोकांनी मात्र आपली उपासनाच सोबत आणली. ते पोपला मानतात, पण प्रार्थना बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती परंपरेच्या, पद्धतीने करतात आणि त्यांच्यात विवाहित पुरुषालाही पाद्री होता येते. ही प्रार्थना ग्रीक भाषेत चाले, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना सरसकट ग्रीक ठरवले आणि १९४१ पर्यंत गावाचे अधिकृत नावही ‘ग्रीकांचे पियाना’ असेच होते!

गाव तगले ते केवळ भाषेवरच्या मायेमुळे, असे मला वाटत नाही. याच गावच्या जॉर्जो गुझेत्ता या धर्मगुरूने १७३४ मध्ये पालेर्मोत सिसिलीतल्या अल्बानियन मुलांसाठी विद्यालय काढले आणि तिथून आपल्याच रीतीचे, आपलीच बोली जाणणारे शिकलेले पाद्री पिढ्यानपिढ्या मिळत राहिले. माझ्या मते खरा आधार तो होता. ईस्टरला जरीकामाचे पोशाख आणि रुंद चांदीचे कमरपट्टे घालून निघणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे सगळीकडे दिसतात, या विद्यालयाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

सरकारी मान्यता फार उशिरा आली. भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण देण्याचे आश्वासन इटलीच्या १९४८ च्या संविधानातील सहाव्या कलमात होते, पण शाळा आणि कचेऱ्यांत अशा भाषांना स्थान देणारा ४८२ क्रमांकाचा कायदा १९९९ मध्ये झाला. (मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाविषयीचे आपले ३५० अ कलम १९५६ चे आहे, त्याची अंमलबजावणी कशी होते, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको.) इटलीच्या त्या कायद्याने १२ भाषिक समूहांना मान्यता दिली आणि त्यांत अल्बानियनही आहे. रोमा (जिप्सी) लोकांच्या रोमानी भाषेला मात्र त्या यादीत जागा मिळाली नाही, कारण तिचे भाषक कोणत्याही एका ठरावीक प्रदेशाला बांधलेले नाहीत.