फ्लोरिडाच्या रानातले विनामूल्य मुक्काम

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या मनात फ्लोरिडा म्हणजे समुद्रकिनारे आणि ऑर्लँडोच्या करमणूकनगऱ्या. टॅम्पाला राहायला आल्यावर मला मात्र ओढ लागली ती या राज्याच्या आतल्या उबदार, दाट रानाची. या रानात एकही डॉलर न देता, रीतसर, तंबू ठोकून राहता येते. तिथे वीज नसते, नळ नसतो, बहुतेक ठिकाणी शौचालयही नसते. झाडांखाली साफ केलेला जमिनीचा तुकडा आणि शेकोटीसाठी एखादे लोखंडी कडे एवढीच सोय असते. अशा जागांना इथे प्रिमिटिव्ह कॅम्पसाइट म्हणतात आणि त्या नेमक्या शोधायच्या कशा, असे मित्रमंडळी मला नेहमी विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे: आधी जमीन कोणाची आहे आणि ती कशासाठी राखली आहे ते शोधा, मुक्कामाची जागा त्यातूनच सापडते.

टॅम्पाच्या ईशान्येला असलेल्या ग्रीन स्वॅम्प या पाणथळ रानाचेच पाहा. १९६० साली डोना चक्रीवादळाने फ्लोरिडात मोठे नुकसान केले, आणि पुढच्याच वर्षी पूरनियंत्रणासाठी साउथवेस्ट फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट ही सरकारी संस्था उभी राहिली. १९७२ च्या जलसंपदा कायद्यानंतर सबंध राज्य अशा पाच डिस्ट्रिक्टांमध्ये विभागले गेले. पुराच्या पाण्याला पसरायला आणि जमिनीत मुरायला जागा हवी म्हणून या संस्थांनी हजारो एकर पाणथळ रान विकत घेऊन ठेवले. त्यावर घरे बांधायची नाहीत, तेव्हा लोकांनी तिथे चालावे, घोडे फिरवावेत, मुक्काम करावा, असे धोरण पुढे आले. ग्रीन स्वॅम्पमधून विथलाकूची, हिल्सबरो, ओक्लावाहा आणि पीस या चार नद्यांना पाणी मिळते, आणि हिल्सबरो नदीचे पाणीच टॅम्पाच्या नळांना येते. आमच्या स्वयंपाकघरातले पाणी ज्या रानातून येते त्याच रानात आम्ही झोपतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

ग्रीन स्वॅम्पच्या जागांसाठी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर आरक्षण करावे लागते, मात्र त्याला शुल्क नाही. ईशान्येकडच्या सेंट जॉन्स रिव्हर डिस्ट्रिक्टमध्ये लहान गटाने सरळ जाऊन मोकळी जागा धरावी अशी पद्धत आहे. मोठ्या गटाला तेवढी आगाऊ नोंद करावी लागते. मोबाइलवरच्या ॲपमध्ये लोकांनी टोचून ठेवलेल्या खुणांवर मी विसंबत नाही. जमिनीची मालकी बदलते, एखादा पट्टा शिकारीच्या हंगामात बंद होतो, कधी वणवा टाळण्यासाठी मुद्दाम जाळायला काढलेला असतो, आणि यातले काहीही त्या खुणांवरून कळत नाही. ज्या खात्याची जमीन, त्याच खात्याचा नकाशा आणि त्याच खात्याची ताजी सूचना वाचावी.

नकाशा जागेपर्यंत पोहोचवतो, पण तंबू कुठे लावायचा हे जमीन सांगते आणि खरा आनंद मला तिथे मिळतो. हा प्रदेश इतका सपाट आहे की कोरडी आणि ओली जागा यांत अनेकदा हातभराचेच अंतर असते. सायप्रस या पाणथळीतल्या झाडाच्या बुंध्यांवर पाण्याने उमटवलेली रेघ असते. तिच्याखाली खोड गडद आणि गुळगुळीत, तर वर शेवाळ आणि दगडफुलासारखे पांढुरके थर. एका मुक्कामाला ती रेघ माझ्या गुडघ्याच्या वर होती. त्या वेळी भोवतालची माती पायाखाली कुरकुरण्याइतकी कोरडी होती, परंतु पावसाळ्यात त्याच जागी पाणी कुठवर चढते हे झाडाने लिहून ठेवले होते. तिथून थोडे चढावर लाइव्ह ओकची झाडे लागली, की समजावे इथे पाणी फारसे साचत नाही. अशा किंचित उंच, सावलीच्या राईला इकडे हॅमक म्हणतात. मुक्कामासाठी मला तीच सर्वांत आवडते, कारण हिवाळ्याच्या रात्री मोकळ्या गवताळ मैदानावर तंबू दवाने अक्षरशः निथळतो, आणि ओकच्या छताखाली तो सकाळी बऱ्यापैकी कोरडा निघतो.

अर्थात ओकखाली मी चादर पसरू लागलो, की बायको हमखास म्हणते, "अरे, आधी वर बघ." स्पॅनिश मॉसच्या करड्या जटांमध्ये वाळलेली फांदी सहज लपते आणि जोराचा वारा सुटला की खाली येते. वर पाहून झाले, की खाली पाहायचे: वाळूचा मऊ, भुसभुशीत ढीग दिसला तर ते लाल मुंग्यांचे वारूळ समजून लांब सरकावे.

उत्तरेकडच्या ओकाला नॅशनल फॉरेस्टचे गणित निराळे आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ साली राखीव केलेले हे मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचे पहिले राष्ट्रीय वन. इथे बंदी नसलेल्या भागात ठरवून दिलेल्या जागेबाहेरही, आरक्षणाशिवाय राहता येते. मात्र एका महिन्यात चौदा दिवसांहून अधिक नाही. वनखाते मोटार वाहनांसाठीचा एक नकाशा विनामूल्य देते. गाडी कुठल्या रस्त्याने न्यायची, हे त्यात पक्के कळते. बाकीच्या रेताड वाटांवर साधी गाडी घालू नये, कारण कोरड्या वाळूत चाके रुततात. तंबूच्या नेहमीच्या बारीक खुंट्याही त्या वाळूत टिकत नाहीत. लांब आणि रुंद पात्याच्या खुंट्या न्याव्यात.

ओकालातच १९६६ साली फ्लोरिडा ट्रेल या लांब पायवाटेची पहिली नारिंगी खूण झाडावर रंगवली गेली. त्या वाटेने जुनिपर स्प्रिंग्जहून उत्तरेला चालत गेले की हिडन पाँड नावाचे छोटे तळे लागते. तळ्याकाठची जागा सुंदर आहे आणि म्हणूनच शनिवारी तिथे गर्दी होते. आम्ही शक्यतो मधल्या वारी जातो. वाटेत सँड पाइन आणि खुज्या ओकचे झुडपी रान आहे. फ्लोरिडाबाहेर जगात कुठेच न आढळणारा 'स्क्रब जे' हा निळा-राखाडी पक्षी याच रानात राहतो. आम्ही पाठपिशव्या टेकून पाणी पीत होतो तेव्हा असा एक पक्षी चारपाच हातांवर उतरला, चोचीतले ओकचे फळ वाळूत खुपसले, वर एक पान ठेवले, मान वाकडी करून पाहिले आणि ते पान पुन्हा थोडे सरकवले. पुढच्या महिन्यांची बेगमी इतक्या निगुतीने करणारा जीव पाहून आम्ही दोघेही तिथे बराच वेळ थांबलो.

या वनात काळी अस्वले भरपूर आहेत. खाणे, टूथपेस्ट, साबण, थोडक्यात वास येणारी प्रत्येक वस्तू अस्वलरोधक डब्यात घालून तंबूपासून दूर ठेवावी. तळ्यात ॲलिगेटर जातीची मगर असू शकते हे गृहीत धरून काठापासून अंतर राखावे आणि अंधारात पाणी भरायला जाऊ नये. तळ्यांचे पाणी पानांच्या अर्काने चहासारखे तपकिरी असते आणि गाळूनही रंग पुरता जात नाही. माणशी चार लिटर तरी घरूनच न्यावे. वनाच्या आत नौदलाचा पाइनकॅसल बॉम्बफेक सरावाचा पट्टा असल्याने काही रात्री दूरवर धडाडा आवाज होतात, त्याने घाबरून जाऊ नये. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात बंदुकीने हरणांची शिकार चालते, तेव्हा नारिंगी जाकीट अंगावर हवेच आणि मुक्कामाचे नियमही त्या दिवसांत कडक होतात.

ऋतूची निवड मात्र मी ठामपणे सांगेन: डिसेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबरात रोज दुपारी वीज कडाडते, पाणथळ भागांतल्या वाटा बुडतात आणि डास उभे राहू देत नाहीत. हिवाळ्यातही गोचिडी असतात, तेव्हा रोज संध्याकाळी घोटे आणि गुडघ्यामागची जागा तपासावी. थंडीची लाट आली तर मध्य फ्लोरिडातही रात्री पारा शून्याजवळ उतरतो, म्हणून उबदार झोपपिशवी न्यावी.

एक कळकळीची विनंती आहे. फुकट मिळते म्हणून लोक दोनतीन आठवड्यांच्या जागा आधीच अडकवून ठेवतात आणि ऐनवेळी जात नाहीत. ग्रीन स्वॅम्पच्या जागा मोजक्याच आहेत, आणि हिवाळ्यातला शनिवार पाहता पाहता भरतो. बेत रद्द झाला, तर त्याच क्षणी आरक्षण काढून टाकावे, म्हणजे ज्याला त्या रात्री खरोखर रानात राहायचे आहे त्याला ती जागा मिळेल.