पुसलेल्या उड्या

पोटदुखीच्या चिठ्ठ्यांना पी.टी.च्या मास्तराकडे तोटा नसतो. पण नववीतल्या त्या मुलीची चिठ्ठी नेमकी लांब उडीच्या तासाला यायची. वर्गात पहिली, अक्षर छापल्यासारखं. हुशार पोरं मैदानावर अंग चोरतात, हे माझं १९ वर्षांचं ठाम मत. शेऱ्याच्या रकान्यात 'उदासीन' लिहून मी मोकळा झालो होतो.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सामानाच्या खोलीला कुलूप लावून निघालो, तर उडीच्या खड्ड्याशी तीच. दप्तर कडेला, ओढणी कमरेला खोचलेली. पावलं मोजत मागे गेली, धावली, उडी घेतली. उठून आधी बोर्डाकडे, म्हणजे उडी घ्यायच्या फळीकडे पाहिलं, मग फावड्यानं वाळू सारखी करून स्वतःचा ठसा पुसून टाकला. पुन्हा मागे. मी पाच उड्या पाहिल्या. पाचही पुसल्या. त्यातल्या दोन तर तीन मीटरच्या आसपास असतील!

"काय गं, पोट बरं आहे ना?" मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सर, फाऊल झाला की तुम्ही मोठ्यानं ओरडता."

ओरडतो खरा. पाय बोर्डाच्या पुढे पडला की उडी बाद, तोच फाऊल. हजेरीप्रमाणे एकेकाला बोलवायचं, बाकीचा वर्ग खड्ड्याभोवती, आणि मी टेप धरून आकडा पुकारणार. काहींना त्यातच मजा येते. चार फाऊल करून पाचव्यांदा टाळ्या मागणारा एक पठ्ठ्या वर्गात आहेच. माझी सगळी पद्धत त्याच्याच मापानं बेतलेली.

एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, वहीतही उतरवलं होतं: पॉल ह्युविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या ध्यासाचे प्रकार मांडले. आपलं काम अचूक व्हावं ही ओढ वेगळी, आणि माझी चूक लोकांना चालणारच नाही हा धसका वेगळा. वही कपाटात राहिली.

त्याच १९९१ मध्ये, ३० ऑगस्टला टोकियोत अमेरिकेच्या माईक पॉवेलनं ८.९५ मीटर लांब उडी मारली, जागतिक विक्रम अजून तोच आहे. त्या दिवशी त्याच्या सहापैकी दोन उड्या फाऊल होत्या. तिला हे सांगितलं. म्हटलं, इथे सगळ्यात चांगली उडी धरतात, बाकीच्या सोडून देतात. गणिताच्या पेपरासारखं नसतं.

"मग फाऊल कुठे जातो?"

"कागदावर. फुली मारतात."

पुढच्या आठवड्यात पुकारणं बंद केलं. तिघातिघांचा गट खड्ड्यावर, मोजणार-लिहिणार तेच. बाकीचे लंगडी आणि दोरीवरच्या उड्यांत. गोंधळ इतका झाला की मुख्याध्यापक बाहेर येऊन बघून गेले. चिठ्ठी आली नाही, ती आली.

पहिलीच उडी फाऊल. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिलो. तिनं मैत्रिणीकडून कागद मागून घेतला, खाली बसली, कंपासपेटीतली पट्टी काढली आणि रकान्यात फुली मारली. दोन्ही रेघा पट्टी लावून.