गुरुवारची माणसं

शुक्रवार, दुपार

पुण्यातल्या एका क्लबमध्ये मी डीजे आहे, आणि गुरुवारी ट्रान्स वाजवतो, म्हणजे तासन्तास नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. कालचा गुरुवार छान गेला. छान म्हणजे गर्दी बेताची, बारवरच्या पोरांना हात बांधून उभं राहायला वेळ, मॅनेजरचं तोंड लांब, आणि फ्लोअरवर मात्र एकसुद्धा माणूस मोबाइल वर धरून उभा नाही.

मॅनेजरचंही काही चुकत नाही. ट्रान्सवाले पाणी पितात. चार-चार तास नाचायचं तर पोटात बिअर ढवळून चालत नाही. मग पाण्याची एक बाटली, तीही चौघांत मिळून, आणि ती संपली की काउंटरवर जाऊन ‘भैया, ग्लासात साधं पाणी द्या ना.’ शनिवारी जी टेबलं लागतात त्यातल्या एका मोठ्या टेबलाचं बिल गुरुवारच्या अर्ध्या गल्ल्याएवढं असतं. म्हणून तर ट्रान्सच्या वाट्याला गुरुवार आलाय. शुक्रवार-शनिवार मी बॉलिवूड, पंजाबी आणि वरातीत वाजतं ते सगळं वाजवतो. फ्लॅटचा हप्ता त्यावरच जातो, त्यामुळे त्या गाण्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

फरक एवढाच, की शनिवारच्या लोकांना मी कोण ते माहीत नसतं, आणि गुरुवारची माणसं मला रागावतात.

काल काकांनी रागावलं. काका म्हणजे पन्नाशी उलटलेले, रविवार पेठेत हार्डवेअरचं दुकान, नव्वदच्या दशकातले कितीतरी हिवाळे गोव्यात, हणजूण आणि वागातोरला काढलेले. साडेदहाच्या सुमाराला बूथपाशी आले, कठड्यावर दोन बोटं आपटली. “डावीकडं येऊन ऐक. बेस चिकटतोय.”

सायट्रान्स म्हणजे ट्रान्सचाच एक वेगवान प्रकार, त्याचा पाया सांगायला सोपा आहे. एक किक, म्हणजे ढोलाचा असावा तसा जड ठोका, तिच्या मागोमाग बेसचे तीन ठोके, की पुन्हा किक. १४५च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १४५ किक, हे चारही मिळून सेकंदाच्या निम्म्याहून कमी वेळात उरकतात, म्हणजे एकेका ठोक्याला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, तेवढ्यात गप्प झाला नाही तर मागचा ठोका पुढच्याच्या अंगावर पडतो, आणि चार सुटे ठोके ऐकू यायच्या ऐवजी नुसती गुरगुर ऐकू येते. बॉलिवूडला ते खपतं. किंबहुना लोकांना वाटतं, काय दणका आहे.

एक लांबलचक ट्रॅक लावला आणि खाली उतरलो. डाव्या खांबाशी उभा राहिलो. चिकटत होता. सबच्या जाळीवर हात ठेवला तर ती किकबरोबर थरथरत होती, कोपऱ्यातला एक स्क्रू कधीतरी पडून गेलेला. बारवरचे दोन कोस्टर घेतले, दुमडले आणि फटीत ठोकले. थरथर थांबली. काकांनी मान तिरकी करून ऐकलं. “जाळीचं झालं. आता सबचं बघा. म्हातारा झालाय तो.” आणि परत नाचायला.

हे वाक्य मालकाला कोणत्या शब्दांत सांगायचं याचा विचार सकाळपासून करतोय.

शनिवार, पहाटे अडीच

चार वाढदिवस. एकाच गाण्याची पाच वेळा मागणी, पाचही वेळा वाजवलं. कान दुखतायत. झोप.

रविवार

येत्या गुरुवारी गोव्याहून पाहुणा डीजे येतोय. पोस्टर आलं. त्याचं नाव टरबुजाएवढं, आणि तळाशी, जीएसटीच्या ओळीच्या जरा वर, मी. पिकतं तिथे विकत नाही हे रेसिडेंटला, म्हणजे क्लबच्या कायमच्या डीजेला, पहिल्याच महिन्यात कळतं, आणि मला त्याचं आता काही वाटत नाही. कारण पोस्टरवर दिसत नाही असं एक काम आमच्याकडे असतं: पाहुण्याच्या आधीचे दोन तास.

नऊला सुरुवात करायची ती १२२-१२४च्या आसपास, प्रोग्रेसिव्ह हाऊस नावाचं जरा संथ संगीत, कुणी जेवत असेल तर त्याला बोलता यावं इतपत. दहापर्यंत १२८. मग हळूहळू १३४-१३५ला नेऊन पाहुण्याच्या स्वाधीन करायचं. कढी ढवळत राहावं तसं हे काम आहे. उकळी फुटू दिली की फाटली, मग पाहुण्याने काय करायचं? मोठा ब्रेकडाउन (ठोके थांबतात तो भाग) असलेले, सगळ्यांना पाठ असलेले ट्रॅक हाताशी असूनही लावायचे नाहीत. त्या पाहुण्याचा स्वतःचा ट्रॅक तर चुकूनही नाही. हौशी पोरं नेमकं हेच करतात, साडेनऊलाच १४२ला जाऊन बसतात, आणि फ्लोअर अकराला दमून बाहेर सिगरेट ओढत उभा राहतो.

या दोन तासांना ऐकायला कोण येतं? पाच-सहा जण, पण ठरलेले. काका येतात. हिंजवडीतून कॅबने दोन पोरं येतात, लॅपटॉपच्या बॅगा क्लोकरूममध्ये टाकून. आणि ढोल-ताशा पथकातली एक मुलगी येते. तिचं मला फार कौतुक आहे. ट्रान्समध्ये सगळं आठाच्या, सोळाच्या, बत्तिसाच्या पटीत चालतं, आणि ही मुलगी ते मोजत बसत नाही, तिच्या अंगातच ते आवर्तन आहे. बत्तीस बारचा (चार ठोक्यांचा एक बार) ब्रेकडाउन असला तरी ड्रॉपच्या, म्हणजे ठोके परत येण्याच्या, बरोब्बर एक बार आधी तिचा हात वर जातो. ट्रॅक तिने आधी ऐकलेला नसला तरी. मी कधी कधी मुद्दाम असे ट्रॅक शोधून लावतो जिथे प्रोड्यूसरने चार बार जास्त घालून फसवलंय. तेव्हा हात वर जातो, हवेत थांबतो, आणि ती माझ्याकडे बघून तोंड वाकडं करते. जुलै-ऑगस्टला ती गायब. नदीपात्रात तालीम असते. गणपती झाले की हाताला पट्ट्या बांधून परत हजर.

ब्रेकडाउनबद्दल जरा लिहून ठेवतो, कारण शनिवार आणि गुरुवारमधलं अंतर तिथे दिसतं. १४०च्या टेम्पोला बत्तीस बार म्हणजे साधारण पंचावन्न सेकंद. तेवढा वेळ किक नाही, बेस नाही, फक्त पॅड, म्हणजे लांबवलेले सूर, एखादी धून, कुणाचा तरी लांबून आलेला आवाज. शनिवारी मी एवढी जागा रिकामी ठेवली तर दहाव्या सेकंदाला लोक बारकडे वळतात आणि विसाव्याला एकजण बूथवर येऊन विचारतो, साउंड गेला का? गुरुवारी कुणी हलत नाही. बरेच जण डोळे मिटतात. एक मुलगा आहे, तो चष्मा काढून शर्टाला पुसतो आणि पुन्हा न घालता हातातच धरून ठेवतो. त्या पंचावन्न सेकंदांत करण्यासारखं मला काही नसतं. फिल्टरवर बोट ठेवून उगाच कामात असल्यासारखा चेहरा करतो.

लोक याला लगेच भजनाची उपमा देतात. मला ती पटत नाही. भजनात शब्द आहे, आणि शब्दामागे कुणीतरी आहे. इथे तसं कुणी नाही, आणि असल्याचा आव आणला की ट्रान्स फार लवकर भंपक होतो.

अडचण आहे ती वेळेची. हे संगीत घडलं तेच मुळी रात्रभराच्या हिशोबाने. तीनच्या अंधारात डोक्यात घुसणारे, काळेकुट्ट ट्रॅक, आणि उजाडायला लागलं की सुरेल, मोकळे. पुण्यात दीडला शटर. गोव्यातही उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावायला नियमाने बंदी आहे, ती पाळली किती जाते ते सोडा. म्हणजे मला नऊ ते सव्वा एकमध्ये संध्याकाळ, मध्यरात्र आणि पहाट, तिन्ही बसवायची. माझी पहाट साडेबाराला होते. बाहेर मुंढवा रोडवर रिक्षावाले झोपलेले, आणि आत सूर्योदयाचे ट्रॅक. हसू येतं, पण गुरुवारच्या माणसांना हा करार मान्य आहे. एखाद्या दिवशी मी मध्यरात्रच लांबवली तर तक्रार येते: “दादा, आज उजाडलंच नाही.”

सोमवार

सुट्टी. पोरांचं ग्रुपवर भांडण चालू आहे, नेहमीचंच. एका बाजूला १३८च्या टेम्पोवाले, म्हणजे अपलिफ्टिंग, सुरेल ट्रान्सचे भक्त. यांची सुरुवात बहुतेक हॉस्टेलच्या खोलीत, आर्मिन व्हॅन ब्यूरेनच्या २००१पासून चालत आलेल्या रेडिओ शोवर. दुसऱ्या बाजूला सायवाले, ज्यांना ते सगळं रडकं वाटतं. पहिल्यांना दुसरे यंत्रासारखे वाटतात. मला गंमत ही वाटते, की १३८वाल्यांचा जीव ज्या सुपरसॉ नावाच्या भरगच्च आवाजात अडकलाय तो १९९६च्या रोलँड जेपी-८००० सिंथेसायझरमधून आला, आणि सायवाल्यांचा ॲसिडचा चिवचिवाट त्याच कंपनीच्या टीबी-३०३मधून. ते यंत्र गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून काढलं होतं, खपलं नाही म्हणून १९८४मध्ये बंदही केलं. ग्रुपवर हे लिहिलं. दोन्ही बाजूंनी दुर्लक्ष.

मागच्या महिन्यात एक नवा मुलगा आला होता, रील बघून. “दादा, ते महादेववालं लावा ना.” त्याला हवं होतं ते शंख-डमरू घातलेलं हल्लीचं रीमिक्स. मी ॲस्ट्रल प्रोजेक्शनचं ‘महादेवा’ लावलं, नव्वदच्या दशकातलं, इस्रायली लोकांनी केलेलं. मुलगा गोंधळला. मागे काका मात्र असे काही नाचले की बाउन्सर बघायला आला. मुलगा नंतर त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आता गुरुवारी येतो, शंख मागत नाही.

काकांच्या गोष्टी ऐकण्यासारख्या. तेव्हा हणजूणला डीजे रेकॉर्ड वाजवत नसत. उकाड्यात आणि धुळीत त्या टिकायच्या नाहीत. डॅट, म्हणजे डिजिटल टेपच्या कॅसेट चालायच्या. डॅटवर सहसा वेग कमी-जास्त करता येत नाही, म्हणजे दोन ट्रॅकचे ठोके जुळवणं आलंच नाही. म्हणून ट्रॅकच्या आधी आणि शेवटी ठोक्याविना लांब जागा सोडलेली असायची, एक तिथे विरतो, दुसरा तिथून उगवतो. नाचणाऱ्यांच्या कडेला गावातल्या बायका चटया टाकून, कंदील लावून चहा विकायच्या. काका म्हणतात, “डीजे कुठं उभा आहे ते आम्हाला माहीत पण नसायचं.” हे मला उद्देशून असतं.

ऑक्टोबर २०२३मध्ये त्या काळातला डीजे गोवा गिल वारला. सॅन फ्रान्सिस्कोचा माणूस, तरुणपणी गोव्यात आला आणि तिथलाच झाला. चोवीस-चोवीस तास एकटा वाजवायचा, आणि शेवटपर्यंत डॅटवरच. त्यानंतरच्या गुरुवारी कुणी काही ठरवलं नव्हतं. मी दोन ट्रॅक बीट न जुळवता वाजवले, मध्ये जागा सोडून. हिंजवडीच्या पोरांना वाटलं माझा हात घसरला. काकांना समजलं. आले आणि त्या रात्री पहिल्यांदाच काहीही न बोलता गेले.

मंगळवार, रात्र

मामा आले होते. “अजून तेच का, रेव्ह पार्टी?” २००७च्या मार्चमध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे गावात छापा पडला, पावणेतीनशेच्या वर पोरं पकडली, तेव्हापासून आमच्या नात्यात हाच शब्द. आई म्हणाली, “त्याचं लायसन्सवालं आहे.” लायसन्स! मामा पटल्यासारखे चहा प्यायले.

पण मामांना मी पूर्ण खोटं पाडू शकत नाही. काहीजण नशा करून येतात, हे बूथवरून दिसतं. जबड्यावरून कळतं, सारखा चावत असतो. बाउन्सर लोकांना मी एवढंच सांगून ठेवलंय, की असा कुणी दिसला तर ढकलून बाहेर काढू नका, आधी एसीखाली बसवा आणि पाणी द्या. एक मुलगा अप्रतिम नाचायचा. दोन वर्षांत त्याचं काय झालं ते बघितलं. मित्र त्याला नगरला, घरी सोडून आले. या संगीताला ते लागतं असं जे म्हणतात त्यांनी ढोल पथकवाल्या मुलीला बघावं. लिंबू सरबत पिते.

बुधवार

सबवाला आला. आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भागच गेलाय म्हणाला, कोन फाटलेला. मालकाने आकडा ऐकून शनिवारपर्यंत चालतंय का विचारलं. चालत नाही म्हणालो. उद्या पाहुण्यासमोर शोभा होईल, असं मॅनेजरने सांगितल्यावर मात्र लगेच हो म्हणाले. माझं ऐकलं नाही, पाहुण्याचं नाव ऐकलं. असो, ड्रायव्हर बदलला, हे महत्त्वाचं. दुपारी रिकाम्या क्लबमध्ये किक-बेस लावून ऐकलं. सुटे ठोके.

संध्याकाळी पाहुण्याच्या मॅनेजरचा फोन. त्यांना सव्वा दहालाच सुरू करायचंय, विमान लवकरचं आहे. म्हणजे माझे दोन तास गेले, उरला सव्वा तास. भांडलो नाही, त्यात अर्थ नसतो. ग्रुपवर फक्त वेळ टाकली.

पाच मिनिटांत काकांचा फोन. “सव्वा तासात काय डोंबल चढवणार तू? असं कर, साडेआठला लाव. आम्ही येतो.”

साडेआठला क्लबचं दार उघडत नाही हे त्यांना माहीत आहे. बाउन्सरला सांगून ठेवावं लागणार, आणि मॅनेजरला एसी अर्धा तास आधी सुरू करायला पटवावं लागणार.