फुकट देण्या-घेण्याचा गट: पेठेपुरता ठेवला तर टिकतो

घरातल्या नको असलेल्या वस्तू फुकट देण्या-घेण्यासाठी बेळगावात मोबाइलवर गट काढताना तो अख्ख्या शहराचा, जमल्यास जिल्ह्याचा करावा असं वाटतं. तसं करू नये. अनगोळातलं लोखंडी कपाट निपाणीला न्यायचं म्हटलं तर टेंपोभाड्याच्या पैशात तिथंच एखादं जुनं कपाट विकत मिळेल. अमेरिकेत २००३ साली टुसॉन शहरात सुरू झालेलं फ्रीसायकल हे फुकट देण्या-घेण्याचं जाळंही गावोगावच्या वेगळ्या गटांवरच चालतं. टिळकवाडी-हिंदवाडी एक, शहापूर-वडगाव दुसरा, खानापूरचा स्वतंत्र, एवढं पुरे. तीस-चाळीस घरं जमली की सुरुवात करावी.

नावात पेठच असू द्या. शहराचं नाव घातलं की ते बेळगाव लिहायचं की बेळगावी यावरूनच पहिल्या दिवशी जुंपते. आपल्याकडे १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिन) आणि १७ जानेवारीला (सीमालढ्याचा हुतात्मा दिन) कुठलाही गट तापतो, म्हणून या दोन दिवशी फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग करून ठेवावं. नियम मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहावेत. शेजारी कन्नड घरं असतातच, आणि पाळणा किंवा सायकल घेताना कुणी भाषा बघत नाही. सुप्रभात, निवडणूक, वाढदिवस पहिल्या दिवसापासून बंद. एकदा सूट दिली की लोक गट म्यूट करतात, आणि मग चांगली वस्तूही कुणाला दिसत नाही.

वस्तूचा मेसेज असा हवा: ‘लोखंडी कपाट, ७८ × ३६ × १९ इंच, एका दाराचं कुलूप बिघडलेलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. रविवारपर्यंत न्यावं, उचलायला दोन माणसं आणावीत.’ माप नसलं तर कपाट जिन्याच्या वळणावर अडकतं आणि टेंपोवाला खोटीचे पैसे मागतो. भाडं नेणाऱ्याचं, हेही आधीच लिहावं. दोष लपवू नये. दारात येऊन कुणी वस्तू नाकारली तर दोघंही परत गटात फिरकत नाहीत.

‘आधी येईल त्याला’ हा नियम वाईट. दिवसभर मोबाइल हातात असणाऱ्यालाच सगळं मिळतं. संध्याकाळपर्यंत नावं घ्यावीत, कुणाला द्यायचं ते देणाऱ्याने ठरवावं आणि दुसरं नाव राखून ठेवावं. ‘येतो’ म्हणून न येणारे हाच खरा रोग आहे. ४८ तास वाट पाहून वस्तू दुसऱ्याला द्यावी. दोनदा असं करणाऱ्याचं नाव पुढे घेऊ नये. घेऊन विकणाऱ्यांवर लोक फार चिडतात. माझ्या मते महिन्याला दोन मोठ्या वस्तू एवढी मर्यादा घातली की पुरतं, चौकशी समिती नको.

पत्ता गटात टाकू नये, फक्त घेणाऱ्याला कळवावा. सामान दिवसा, शक्यतो फाटकापाशी द्यावं.

मिक्सर, पंखा, टीव्ही चालू असतानाचा फोटो हवा. फ्रिज आडवा नेला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं; घरी नेऊन काही तास उभा ठेवल्यावरच चालू करावा. गाद्या जून ते सप्टेंबर घेऊच नयेत. आपल्या पावसात त्या ओल धरतात, आणि ढेकूण एका गादीबरोबर अख्ख्या चाळीत शिरतात. औषधं नकोत. गॅस सिलिंडरही नको, तो कंपनीच्या मालकीचा असतो.

सगळ्यात जास्त फसतात ती शाळेची पुस्तकं. बेळगावच्या सरकारी मराठी शाळेतही कर्नाटकाचा अभ्यासक्रम असतो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या भावाची बालभारतीची पुस्तकं इथल्या मुलाला उपयोगी पडत नाहीत. इयत्ता, माध्यम, बोर्ड आणि छपाईचं वर्ष, चारही लिहावं. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या आधी उघडतात, तेव्हा हे काम एप्रिलमध्येच उरकावं.

दहा दिवसांत कुणी न नेलेलं सामान देणाऱ्याने भंगारात घालावं. बंद पडलेला जुना डबा टीव्ही मात्र रस्त्याकडेला फोडू देऊ नये, त्याच्या काचेत शिसं असतं. तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्यावा.