कैरोचा पहिला दिवस: आधी सक्कारा, मग गिझा

रात्रीच्या विमानानं कैरोला उतरलो तेव्हा आम्हा जळगावकर-यावलकरांच्या बावीस जणांच्या ग्रुपला झोप नव्हती, पण पिरॅमिडची घाई मात्र होती. छापील कार्यक्रमात पहिल्या दिवशी गिझा, म्हणजे ते प्रसिद्ध मोठे पिरॅमिड, होतं. आम्ही हट्टानं ते दुसऱ्या दिवसावर ढकललं आणि सक्काराला गेलो. तुम्हीही तेच करा. गिझा आधी पाहिलं की सक्कारा ‘पडकं’ वाटतं.

सक्कारा कैरोच्या दक्षिणेला, साधारण तीस किलोमीटर. वाटेत कालवे, खजुराच्या बागा, गाढवगाडीवर बरसीमचे भारे. बसमधले शेतकरी खिडकीला चिकटलेले. मग हिरवळ एका रेषेवर संपते आणि वाळवंट लागतं. बांधाच्या अलीकडे केळी अन् पलीकडे पडीक, तसं.

जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड सुमारे 4,650 वर्षांपूर्वीचा. सहा टप्पे, उंची साठ मीटरच्या आसपास. त्याच्या वास्तुकारानं, इम्होतेपनं, हा दगडात बांधला त्याआधी राजांची थडगी मातीच्या विटांची असत. त्यामुळे आवाराचं प्रवेशद्वार नीट पाहा: खांब बांधलेल्या बोरूच्या जुडग्यांसारखे, छताचे दगड खजुराच्या ओंडक्यांसारखे कोरलेले. हात दगडाला सरावलेले, डोळ्यांत मात्र जुनं लाकडी घरच. अजिंठ्याच्या 26 नंबरच्या लेण्यात लाकडी छताची नक्कल करणाऱ्या दगडी फासळ्या पाहिल्या असतील, तर हे लगेच पटतं.

पण दिवस गाजवला तो सेरापियमनं. इथलं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि गाईड बरेचदा ते गाळतात, म्हणून आधीच ठरवून घ्या. जमिनीखालचा लांब बोगदा, कोंदट हवा आणि दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत प्रचंड दगडी पेट्या, एकेक साठ-सत्तर टनांची. कशासाठी? बैलासाठी! आपिस हा देवाचा बैल, काळा, कपाळावर पांढरा चांद. एका वेळी एकच. तो मेला की राजासारखा मसाले भरून पुरत. ओग्युस्त मारिएत या फ्रेंच माणसानं हे 1850-51 मध्ये शोधलं. बहुतेक पेट्या तेव्हाच लुटलेल्या होत्या.

आमचे आप्पा झाकणाकडे बघत उभेच. “पोळ्याला आपण मांडे खाऊ घालतो भो,” ते म्हणाले, “अन् दुसऱ्या दिवशी जुंपतो.” कोणी हसलं नाही.

सेरापियमला पायऱ्या फार नाहीत, पण दम लागणाऱ्यांनी आत घाई करू नये. जवळच्याच उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये वाकून उतरावं लागतं. गुडघेदुखीवाल्या मावश्यांनी बाहेर बसणंच बरं. आत भिंतीभर कोरलेले मंत्र आणि छतावर तारे आहेत. सकाळी लवकर निघा, बंद बूट घाला, पाणी बाटलीचंच प्या. तिकीट खिडकीवर रोख चालेलच असं नाही, कार्ड जवळ हवं. रखवालदार स्वतःहून ‘इकडे या’ म्हणाला की ‘बक्षीश’ मागणार. शब्द आपलाच, त्यामुळे कळलं नाही असं सोंगही करता येत नाही. सुट्या नोटा ठेवा.

शाकाहाराची काळजी नको. वाटाण्यासारख्या बाकल्याचं ‘फूल’, भात-मसूर-मॅकरोनीची ‘कोशरी’ सगळीकडे मिळते. रात्री ताटात बाबा घनूश आलं: भाजलेलं वांगं, तिळाची पेस्ट, लिंबू. सगळं टेबल गप्प. मग यावलच्या काकूंनी पिशवीतून ठेच्याची बरणी काढली.